वाढती लोकसंख्या आणि दशमुळाची उपलब्धता

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासक्रमात वाचलेला आहे. वायू, उदक, देश आणि काल यांच्या विकृतीमुळे एकाच वेळी अनेकांना होणारे व्याधी, एवढाच त्या अध्यायाचा सारांश बहुधा परीक्षेपुरता लक्षात राहतो. परंतु त्याचा आरंभ औषधीसंग्रहाच्या सूचनेने होतो, हे फारसे स्मरणात राहत नाही. पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरावरून शिष्यांसह जात असताना भगवान पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, लवकरच भूमी औषधींना पूर्वीप्रमाणे रस, वीर्य, विपाक आणि प्रभाव देणार नाही. तेव्हा ती विरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवा.

आजची स्थिती अशी आहे की, ही सूचना प्रत्येकाने अमलात आणल्यास तीच भूमी विरस होण्याचे कारण ठरेल. आत्रेयांच्या काळी औषधी उपटणारे हात थोडे होते आणि वन मोठे होते. आज वन थोडे असून हात अगणित आहेत. हा प्रश्न केवळ पर्यावरणवाद्यांचा नसून आपल्या चिकित्सेतील यशापयशाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच्या विवेचनासाठी दशमूळ हे एकच उदाहरण घेतले आहे, कारण दशमूळ वापरत नाही असा आयुर्वेदीय चिकित्सक विरळा.

काही वर्षांपूर्वी गृध्रसीच्या एका रुग्णास दशमूळ क्वाथाच्या निरूह बस्तींचा क्रम दिला. निदान, कोष्ठ, ऋतू, पथ्य या सर्वांचा विचार केलेला होता. अशा अवस्थेत पूर्वी जो उपशय मिळत असे, तो या वेळी मिळाला नाही. अपयश एखाद्या रुग्णाच्या बाबतीत येतेच, म्हणून दुर्लक्ष केले. पुढे आणखी दोघांच्या बाबतीत तसेच घडले, तेव्हा भरडीचे पोते उघडून त्यातील अर्धा किलो द्रव्य वर्तमानपत्रावर पसरले आणि एकेक तुकडा वेगळा केला. मुळे अशी जवळजवळ नव्हतीच. रिंगणीची काटेरी खोडे, सराट्याचे सुके वेल, पानांचा चुरा आणि बाकी सर्व फांद्यांचे तुकडे. द्विदल वृक्षांच्या फांदीत मध्यभागी भेंड असते, मुळात ते सहसा नसते. एवढी साधी परीक्षा हाताशी असतानाही मी कित्येक वर्षे ती केली नव्हती. पुरवठादारास विचारले असता, "वैद्यराज, मुळे हवीत तर चौपट भाव पडेल, आणि तरी मिळतील याची खात्री देत नाही," असे उत्तर आले. रुग्णांना गुण न येण्याचे कारण तेच होते हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तसे नव्हते असेही छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि चिकित्सकाच्या दृष्टीने ही अवस्था अधिक क्लेशदायक आहे.

त्या व्यापाऱ्यास दोष देऊन हा विषय संपत नाही. मुळे मिळत का नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

दशमुळातील लघुपंचमूळ म्हणजे सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि सराटा. ही लहान क्षुपे व पसरणाऱ्या वनस्पती आहेत. एक-दोन वर्षांत त्या पुन्हा येऊ शकतात. बृहत्पंचमुळाचे तसे नाही. बेल, ऐरण (अग्निमंथ), टेटू (श्योनाक), पाडळ (पाटला) आणि शिवण (गंभारी) हे पाचही वृक्ष किंवा मोठी झाडे. वाढलेल्या वृक्षाचे मूळ काढणे म्हणजे तो वृक्षच संपवणे. संहिताकारांनी मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, पर्णगळ व नवपालवीची अवस्था पाहून घेण्यास सांगितले आहे. साल, कंद आणि क्षीर शरदात. वैद्य स्वतः रानात जात असे, एका बाजूची चार मुळे खणून माती पुन्हा लोटत असे, आणि त्याचे पंचक्रोशीतील रुग्ण तेवढ्यावर भागत. या पद्धतीत संवर्धनाचा वेगळा नियम करण्याची गरजच नव्हती. रुग्णसंख्या हाच नियम होता.

तो नियम कसा मोडला, हे पाहण्यासाठी एका मध्यम व्यापाच्या चिकित्सालयाचा हिशेब मांडून पाहू. समजा, महिन्याकाठी केवळ १० रुग्णांना दशमुळाची भरड रोज २० ग्रॅम याप्रमाणे ३० दिवस दिली. प्रत्येक रुग्णास ६०० ग्रॅम, म्हणजे महिन्यास ६ किलो आणि वर्षास ७२ किलो. समभाग धरल्यास यातील निम्मी, म्हणजे ३६ किलो, पाच वृक्षांची शुष्क मुळे असावयास हवीत. देशात नोंदणीकृत आयुर्वेद चिकित्सकांची संख्या चार लाखांहून अधिक आहे. त्यातील बरेच जण आयुर्वेदाची चिकित्सा कितपत करतात, हा वेगळ्या लेखाचा विषय, असो. दहांतील एकानेच वरील प्रमाणात दशमूळ वापरले असे धरले, तरी ४० हजार चिकित्सकांना वर्षाकाठी १,४४० टन वृक्षमुळे लागतील. यात दशमूलारिष्ट नाही, च्यवनप्राश नाही, तैले-घृते नाहीत, पंचकर्म केंद्रांतील बस्ती नाहीत. वाचकांनी आपापल्या चिकित्सालयाचे आकडे घालून हा हिशेब पुन्हा करावा.

आता लोकसंख्येकडे वळू. १९५१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३६ कोटी होती. २०११ मध्ये ती १२१ कोटी झाली. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताने चीनलाही मागे टाकले. महाराष्ट्रात १९६१ मध्ये जेमतेम चार कोटी लोक होते, २०११ मध्ये सव्वाअकरा कोटी. या काळात प्रसूती वाढल्या, म्हणून सूतिकेस दिले जाणारे दशमूलारिष्ट वाढले. आयुर्मान वाढले, म्हणून वातव्याधींचे वृद्ध रुग्ण वाढले. त्या प्रमाणात पाडळीचे वृक्ष मात्र वाढले नाहीत.

तथापि, केवळ डोकी मोजून हा प्रश्न पूर्णपणे उलगडत नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी झालेल्या दोन पाहण्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. २००५-०६ साठी देशातील वनौषधींची एकूण वार्षिक मागणी सुमारे ३,१९,५०० टन आणि व्यापारातील वनस्पती ९६० असा अंदाज होता. २०१४-१५ साठी तो सुमारे ५,१२,००० टन आणि ११७८ वनस्पती असा झाला. ही वाढ साठ टक्क्यांची आहे, तर २००१ ते २०११ या संपूर्ण दशकात लोकसंख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या पाहणीचे जाळे अधिक विस्तृत होते, त्यामुळे सर्वच वाढ खरी मानता येणार नाही. तरीही मागणी लोकसंख्येच्या पुढे धावत आहे एवढे निश्चित. जनपदोद्ध्वंसाच्या त्याच अध्यायात पुढे अत्यादानाचा, म्हणजे गरजेपेक्षा अधिक घेण्याचा उल्लेख येतो. त्यापासून आलस्य, संचय, परिग्रह आणि लोभ अशी परंपरा आचार्यांनी सांगितली आहे. लोकसंख्या आणि अत्यादान ही दोन कारणे वेगळी असून आज ती एकत्र कार्य करीत आहेत.

या आकड्यांच्या आधारे काही औषधनिर्माते सर्व दोष निर्यातीवर टाकतात. देशांतर्गत उद्योगाची मागणी या काळात १,७७,००० टनांवरून १,९५,००० टनांपर्यंतच गेली, निर्यात मात्र दुपटीहून अधिक झाली, हे खरे आहे. परंतु निर्यातीत मोठा वाटा इसबगोल आणि सोनामुखीसारख्या, शेतात पिकणाऱ्या द्रव्यांचा असतो. इसबगोलाची निर्यात दुप्पट झाली म्हणून रानातील एकही वृक्ष पडत नाही. रानातील मूळ आणि साल यांचा भार मुख्यतः आपल्या क्वाथ-अरिष्टांचा आहे, हे मान्य करणेच प्रामाणिकपणाचे होईल.

लोकसंख्यावाढीचा परिणाम केवळ मागणीच्या बाजूने होतो असेही नाही. वर उल्लेखिलेल्या पहिल्या पाहणीत, वर्षाला १०० टनांहून अधिक खप असलेल्या १७८ वनस्पतींपैकी ७० उष्ण प्रदेशीय वनांतून, २१ हिमालयासारख्या थंड प्रदेशाच्या वनांतून, ३६ लागवडीतून आणि ५ आयातीतून येतात असे आढळले. उरलेल्या ४६ कोठून येतात? रस्त्याच्या कडा, पडीक जमिनी, माळ यांवरून. आपण 'जंगलतोड' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे सह्याद्रीचे घनदाट रान येते; पण रिंगणी, सराटा, पुनर्नवा, भृंगराज, आघाडा यांचे 'जंगल' म्हणजे गावचे गायरान, शेताचा बांध आणि ओढ्याचा काठ. गाव वाढले की सर्वप्रथम गायरानावर घरे येतात. शेताच्या वाटण्या होत गेल्या की बांध अरुंद होत जातो आणि उरलेल्या बांधावर तणनाशक फवारले जाते. ज्या जागेला कोणी जागा मानत नाही, तीच आपली भांडारे होती. वनखात्याच्या नकाशावर ती कधी नव्हतीच, त्यामुळे त्यांचे नष्ट होणे कोणत्याही अहवालात दिसत नाही.

तिसरा परिणाम कालाचा आहे, आणि चिकित्सकास तो सर्वात जवळचा वाटावयास हवा. एका रानावर अवलंबून असलेली कुटुंबे वाढली की पक्वतेची वाट पाहणे कोणासच परवडत नाही. आज मी थांबलो तर उद्या दुसरा नेईल, हे संग्राहकाचे गणित व्यवहारदृष्ट्या चूक नाही. आवळा कोवळा उतरतो, वावडिंगाच्या वेलीची फळे खुडण्याऐवजी वेलच तोडून खाली ओढली जाते, मुळे भर पावसाळ्यात माती मऊ असताना खणली जातात. आपण मात्र ग्रंथातील कालानुसार संगृहीत द्रव्याचे वीर्य गृहीत धरून मात्रा ठरवतो.

तरीही सर्व द्रव्यांबाबत सारखीच चिंता करणे योग्य नाही. कोणता अवयव घेतला जातो, यावर बहुतेक सर्व काही अवलंबून असते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करीत आली आहेत. बाळहिरडा म्हणजे कोवळे फळ; ते झोडपून वाळवले जाते, वृक्ष उभा राहतो. ज्या वृक्षापासून दरवर्षी घरात पैसा येतो, त्यावर कुऱ्हाड घालण्यास ते कुटुंब सहसा धजत नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तेथील हिरड्याची झाडे पडली, तेव्हा शेतातील पिकाप्रमाणे त्यांची नुकसानभरपाई मागितली गेली, यातच सर्व आले. गुळवेलीचेही तसेच. २०२० मध्ये करोनाच्या साथीत गुळवेलीस प्रचंड मागणी आली, पण तिचे कांड तोडले तरी उरलेला तुकडा पुन्हा फुटतो. अश्वगंधेचे मूळच घेतले जाते, पण ते मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात शेतात पिकते. म्हणून वापर वाढणे हेच संकट असे म्हणता येणार नाही. संकट आहे ते जेथे अवयव मूळ किंवा साल आहे, वनस्पती मंद वाढणारी आहे आणि लागवड नाही, तेथे. कुटकी आणि जटामांसी यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध याच कारणाने आले. पाडळ, टेटू आणि अशोक याच वर्गात मोडतात.

दुर्मीळतेचा प्रश्न आपल्या शास्त्राला नवीन नाही. सोळाव्या शतकातील भावमिश्रांनी अष्टवर्गाविषयी, तो राजांनाही दुर्लभ असल्याचे नमूद करून प्रतिनिधी द्रव्ये सांगितली: मेदा-महामेदेच्या स्थानी शतावरी, जीवक-ऋषभकासाठी विदारी, काकोली-क्षीरकाकोलीसाठी अश्वगंधा, ऋद्धि-वृद्धीसाठी वाराही. आज यातील शतावरी व अश्वगंधा लागवडीतून मिळतात. भावमिश्रांनी उघडपणे सांगितले की मूळ द्रव्य मिळत नाही, त्याऐवजी हे घ्यावे, आणि का घ्यावे. आजचे प्रतिनिधी द्रव्य मात्र गोणीच्या आत, जुन्याच नावाने येते. अशोकाच्या सालीचे उदाहरण सर्वश्रुत आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाजारातील अशोकसालीचे नमुने डीएनए परीक्षणाने तपासले गेले, तेव्हा त्यातील बहुसंख्य नमुने अशोकाचे नव्हतेच. बंगल्यांच्या कुंपणाला लावतात त्या उंच हिरव्या 'अशोका'ची, म्हणजे आसुपालवाची साल अशोक म्हणून खपते हे आपण ऐकून आहोत. रक्तप्रदराच्या रुग्णेला आपण काय देत आहोत, याची खात्री त्या रुग्णेला नाही आणि आपल्यालाही नाही.

मग करावयाचे काय? सर्वप्रथम, मुळाऐवजी खोडाची साल किंवा लहान फांद्या चालतील का, या प्रश्नास शास्त्रीय परिषदांतून मोकळेपणाने भिडले पाहिजे. श्योनाकासारख्या द्रव्यांच्या मूलत्वचा आणि कांडत्वचा यांचे तौलनिक अभ्यास झालेले आहेत. घटकांत बरेच साम्य आढळले असले तरी घटकांचे साम्य म्हणजे कर्माचे साम्य नव्हे, हा आक्षेप योग्यच आहे. त्याचे उत्तर रुग्णांवरील निरीक्षणांनीच मिळेल, आणि ते काम महाविद्यालयांच्या पदव्युत्तर विभागांना सहज शक्य आहे. तेच ते विषय घेऊन प्रबंध लिहिण्यापेक्षा हे अधिक उपयुक्त होईल, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. माझे मत असे की, खोडाची साल नाव सांगून, मात्रा ठरवून वापरणे हे मूळ समजून फांद्यांचे तुकडे वापरण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

दुसरा मार्ग दाट लागवडीचा. शिवण, टेटू, बेल यांची रोपे कमी अंतरावर लावून दोन-तीन वर्षांनी मुळांसकट काढणे, म्हणजे वृक्षाचे पीक घेणे. असे प्रयोग झालेले आहेत. कोवळ्या मुळात वीर्य पूर्ण येते का, ही शंका येथेही राहते. परंतु लागवड न होण्याचे खरे कारण शास्त्रीय नाही, आर्थिक आहे. तीन वर्षे जमीन अडकवून ठेवणाऱ्या शेतकऱ्यास भावाची हमी कोण देतो? फार्मसीचे खरेदी अधिकारी वर्षाच्या आरंभी सर्वात कमी दराची निविदा स्वीकारतात, आणि रानातून फुकट आलेल्या मालाशी लागवडीचा माल दरात कधीच स्पर्धा करू शकत नाही. लहान औषधनिर्मात्यांनी चार-पाच जण एकत्र येऊन तीन वर्षांचा लेखी खरेदी करार केला, तर एखादा एकर शिवण-टेटू उभा राहणे अशक्य नाही. वनहक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांकडून थेट खरेदी हाही एक मार्ग आहे. तेथे निदान विकणाऱ्यास पुढील वर्षीही त्याच रानात जावयाचे असते.

कायद्याविषयी थोडेसे. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने जैवविविधता कायद्याखालील लाभवाटप भारतीय उत्पादकांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवडीतील औषधी वनस्पती आणि नोंदणीकृत आयुष चिकित्सक यांना त्यातून सूट मिळाली. आपल्या व्यवसायात या सुटीचे स्वागतच झाले. पण रानात मूळ नसेल तर सूट मिळालेला पैसा खर्चून आणावयाचे काय, हा प्रश्न त्या आनंदात मागे पडला. दुसरी बाब, औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १५७-अ प्रमाणे औषधनिर्मात्यांनी वापरलेल्या कच्च्या द्रव्यांची वार्षिक नोंद ठेवून सादर करावयाची असते. अनेक फार्मसींत ही नोंद निरीक्षक येण्याच्या आदल्या रात्री लिहिली जाते, हे उघड गुपित आहे. कोणते द्रव्य किती लागते हे शासनास कळण्याचे ते एक प्रमुख साधन आहे. आकडे काल्पनिक असतील, तर लागवडीची अनुदाने चुकीच्या वनस्पतींवर खर्च होतील आणि त्याची तक्रार आपणच करू.

चिकित्सकांच्या हाती असलेली गोष्ट लहान आहे, पण ती आजच करता येते. प्रत्येक शूलात, प्रत्येक शोथात दशमूळच लिहिण्याची सवय आपणास लागली आहे. जेथे रास्ना, एरंडमूळ, निर्गुंडी किंवा शुंठी यांनी कार्य होते, तेथे ती योजावीत. एरंड आणि निर्गुंडी बांधावर सहज उगवतात. जेथे लघुपंचमूळ पुरेसे आहे, तेथे बृहत्पंचमूळ वाचवावे. आचार्यांनी दोन्ही गणांचे गुण वेगळे सांगितले आहेत ते याच विवेकासाठी. आणि खरेदी करताना भरड न घेता द्रव्ये अखंड, सुटी घ्यावीत. भरड ओळखता येत नाही. मूळ ओळखता येते.

गेल्या तीन वर्षांपासून मी दहाही द्रव्ये सुटी मागवून चिकित्सालयातच भरड करवून घेतो. खर्च वाढला, वापर मात्र पूर्वीच्या निम्म्यावर आला, कारण आता लिहिताना हात थांबतो. ऐरण आणि बेलाची मुळे एका परिचित शेतकऱ्याकडून मिळतात, रस्तारुंदीत किंवा विहीर खणताना निघालेली. गेल्या पावसाळ्यात त्याच्याच पडीक अर्ध्या एकरात शिवण आणि टेटूची रोपे लावली असून, बहुतेक जगली आहेत. पाडळीचे बी मात्र दोन हंगाम शोधूनही खात्रीचे मिळालेले नाही. कोणा सभासदाच्या परिसरात फुलणारी पाडळ असल्यास शेंगा पक्व होण्याच्या सुमारास संपादकांमार्फत कळवावे. येऊन घेऊन जाईन.